डायमंड लेकचा चब-फ्लाय: टायगर ट्राउटने दिलेला पुरावा

ओरेगनमधल्या डायमंड लेकसाठी मागच्या नोंदीत बांधलेला उंच अंगाचा चब-स्ट्रीमर (ट्यूई चब या उपद्रवी माशाची नक्कल करणारा, पाण्याखाली ओढायचा फ्लाय, म्हणजे पिसा-तंतूंचे कृत्रिम आमिष) मी सध्या बाजूला ठेवला आहे, कारण तळ्याच्या दक्षिणेकडच्या उथळ, पाणवनस्पतींनी भरलेल्या भागात या आठवड्यात जाळीत आलेल्या टायगर ट्राउट या संकरित शिकारी माशाने जे ओकले, त्यामुळे माझी सारी मोजमापे बदलली. ते अर्धवट पचलेले मासे जेमतेम चार सेंटिमीटरचे होते. त्यांचे खवले अंगाच्या मानाने मोठे होते आणि ट्राउटच्या पाठीवर शेपटीजवळ असणारा छोटा मांसल पर त्यांना नव्हता. म्हणजे ती रेंबो ट्राउटची पिल्ले नव्हती, चबच असण्याची शक्यता अधिक. येथे टायगर जिवंत सोडावाच लागतो, पोट चिरून पाहता येत नाही, म्हणून हा पुरावा मला अतिशय मोलाचा वाटतो.

आजवर सगळे अडले होते ते फ्लायच्या उंचीपाशी. ट्यूई चबसारखे भरदार अंग साधण्यासाठी हुकच्या वर-खाली तंतू बांधले की फ्लाय ओढताना कलंडतो, स्वतःभोवती फिरतो आणि टिपेटला (दोरीच्या टोकाच्या बारीक धाग्याला) पीळ पडतो. पोटाशी शिशाची तार गुंडाळल्यावर तो सरळ चालू लागला, पण आता थांबताक्षणी वनस्पतींत रुतू लागला. तार कमी केली, तर इंटरमिजिएट लाइनवरही (हळूहळू बुडणाऱ्या दोरीवरही) तो अपेक्षित खोलीच्या वरूनच जाई. स्वस्त सिंथेटिक तंतूंवर माझा आता मुळीच विश्वास उरलेला नाही, कारण भिजल्यावर ते एकमेकांना चिकटतात आणि अंग काडीसारखे बारीक होते. सशाच्या कातड्याची पट्टी मात्र पाण्यात जिवंत वाटते. चार सेंटिमीटरच्या फ्लायला मुळात एवढी उंची लागतच नाही. ऑलिव्ह रंगाच्या मॅराबूचे (मऊ पिसांचे) दोन झुपके आणि पोटाला थोडी पितळी चमक एवढ्यावर भागले, आणि त्याच संध्याकाळी दुसरा टायगर लागला. तो आनंद अजून ओसरलेला नाही.

या लहान आकारातच चब-नियंत्रणाचे मर्म आहे, असे मला वाटते. चब प्राणिप्लवक आणि तळाचे कीटक फस्त करतात. त्यामुळे रेंबो उपाशी राहतात आणि शैवाल खाणारे प्राणिप्लवक घटल्याने नील-हरित शैवाल माजते. 1954 आणि 2006 साली रोटेनोन हे मासे मारणारे रसायन वापरूनही 2015 मध्ये चब पुन्हा सापडला, तेव्हा 2016 पासून चब खाण्यासाठी ब्राउन आणि टायगर ट्राउट सोडण्यात आले. टायगर म्हणजे ब्राउनची मादी आणि ब्रूक ट्राउटचा नर यांचा वांझ संकर. त्याची पैदास होत नाही, म्हणून त्याची संख्या आपल्या हाती राहते. परंतु शिकारी मासा आपल्या जबड्यात मावेल तेवढेच गिळतो, आणि त्या मापाच्या पुढे गेलेले चब निर्धास्तपणे अंडी घालत राहतात. म्हणून चब मोजके असतानाच शिकारी सोडणे मला योग्य वाटते; तळे चबने भरून गेल्यावर केवळ त्यांच्यावर विसंबणे व्यर्थ ठरेल.

पुढच्या फेरीत फक्त लहान फ्लायच वापरायचा, असे ठरवले होते. परंतु हे लिहिताना सुचले, की एकाच बांधणीचे चार, सहा आणि आठ सेंटिमीटरचे फ्लाय आळीपाळीने टाकावेत आणि प्रत्येक टायगरची लांबी जाळीतच पट्टीवर मोजून, कोणत्या मापावर तो लागला हे टिपावे. रेंबो मध्येच येऊन लहान फ्लाय घेतात, त्यांची नोंद वेगळी ठेवीन. आठ सेंटिमीटरच्या फ्लायसाठी उंचीचा प्रश्न मात्र पुन्हा उभा राहील. तिथे सशाची पट्टी हुकच्या पाठीवर आणि पोटावर अशी दुहेरी बांधून पाहणार आहे.