जिन्याखालचा निळा ड्रम

मागच्या दिवाळीच्या आधीचा रविवार, सकाळचे साडेनऊ वगैरे झाले असतील. नाशिकला इंदिरानगरात आमच्या सोसायटीत घरोघरी साफसफाई चालू होती आणि जिन्याखाली, लाइटच्या मीटरशेजारी ठेवलेला निळा ड्रम काठोकाठ भरला होता. त्यावर आम्हीच मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘धोकादायक कचरा’. ट्यूबलाइट, जुनी औषधं, रंगाचे डबे, सेल हे सगळं घंटागाडीत ओल्या-सुक्याबरोबर जाऊ नये, एकीकडे जमा व्हावं, एवढाच विचार होता आणि तो चांगलाच होता. झाडलोट करणाऱ्या मावशींनी अजून एक पिशवी बसावी म्हणून वरून जोर लावून दाबलं, आणि आत नेमकी टाकी धुऊन उरलेली टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची पिशवी होती, तिच्यावर कुणीतरी बाथरूमच्या ऍसिडची अर्धी बाटली टाकलेली, झाकण ढिलं.

आधी स्विमिंग टँकवर येतो तसा वास आला आणि लगेच घशात काटे टोचल्यासारखं झालं. मावशी खोकत खालीच बसल्या.

मी सातपूरला एमआयडीसीत २२ वर्षं केमिकल स्टोअर सांभाळलंय म्हणून तो वास ओळखता आला. ब्लीचिंग पावडर किंवा लिक्विड ब्लीच, काहीही असो, ऍसिडला भेटलं की क्लोरीन सुटतो. हा वायू हवेपेक्षा जवळपास अडीचपट जड, म्हणजे तो खाली खाली उतरतो, आणि आमची पोरं घाबरून पळाली कुठे तर बेसमेंट पार्किंगकडे! मी ओरडून ओरडून त्यांना गेटकडे वळवलं. एकजण पाण्याची बादली घेऊन आला होता ड्रमात ओतायला, त्याला हाताला धरून मागे ओढलं, कारण आत अजून काय काय आहे हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मावशींना वारा येत होता त्या बाजूला गेटबाहेर नेऊन बसवलं, बागेच्या पाइपनं १५ मिनिटं सलग डोळे धुतले, १०८ लावला. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी ठेवून घेतलं, क्लोरीन छातीत गेला की त्रास कधीकधी काही तासांनी वाढतो, फुप्फुसात पाणी होतं, त्यामुळे ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी जायचं नसतं. मंगळवारी त्या घरी आल्या.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. धोकादायक कचरा वेगळा करा हे सगळे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण वेगळा करून एका जागी आणला की आपण बारा घरांतला थोडा थोडा धोका एका ड्रमात भरतो. कंपनीत असं स्टोअर कुणी ठेवलं असतं तर सेफ्टी ऑफिसरनं त्याच दिवशी कुलूप लावलं असतं.

आता आमच्याकडे ड्रम नाही. कंपाउंडच्या कोपऱ्यात पत्र्याचं शेड आहे, दोन बाजूंनी उघडं, मीटरपासून लांब, आणि आत वेगवेगळे प्लास्टिकचे ट्रे. ऍसिड एका टोकाला, ब्लीच-टीसीएल दुसऱ्या टोकाला, थिनर आणि रंग तिसरीकडे. फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत, टोकांना चिकटपट्टी लावून, कारण याच बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत दाबल्या गेल्या की पेट घेतात. सीएफएल आणि ट्यूब उभ्या खोक्यात, फुटली तर झाडू मारायचा नाही (पारा असतो), आधी सगळ्यांनी बाहेर व्हायचं, हवा खेळू द्यायची, मग पुठ्ठ्यानं तुकडे उचलायचे आणि बारीक चुरा चिकटपट्टीनं टिपायचा. गव्हात ठेवायच्या सेल्फॉसच्या गोळ्या मात्र आम्ही घेतच नाही. त्याला नुसता ओलावा लागला तरी फॉस्फिन सुटतो, तो माणूस मारतो, पेटूही शकतो, आणि त्यावर पाणी मारणं म्हणजे अजून वायू सोडणं. कुणाच्या घरात असतील तर उघडू नका, धुऊ नका, आधी फोन करून विचारा.

सगळ्यात कामाची गोष्ट मला विचाराल तर वही. काय आलं, किती आलं, कुठल्या ट्रेमध्ये ठेवलं. आणि ही वही शेडमध्ये नाही तर वॉचमनच्या केबिनमध्ये, कारण आग लागल्यावर फायर ब्रिगेडवाले पहिलं विचारतात ‘आत काय आहे?’ आणि तेव्हा वही आतच जळत असते. गच्चीवर भगव्या कापडाची पट्टी बांधलीये, वारा कुठून येतोय ते लांबूनही दिसतं, कंपनीत याच कामाला विंडसॉक असतो.

डिसेंबरमध्ये मॉक ड्रिल घेतली. गेटसमोर दोन स्कूटर आडव्या लावलेल्या, १०१ ला पत्ता सांगताना वॉचमनला जवळची खूण सांगता येईना, आणि डोळे धुवायच्या नळाला त्या दिवशी पाणीच नव्हतं. तिन्ही गोष्टी खऱ्या प्रसंगात कळल्या असत्या तर काय झालं असतं याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. आता दर शनिवारी नळ सोडून बघतो, आणि पत्ता खुणेसकट फोनशेजारी भिंतीवर लिहिलाय.

२०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती धोकादायक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र असावं असं लिहिलं होतं. नाशिक मनपाची हद्द अडीचशे चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे किमान तेरा केंद्रं. त्यातल्या प्रत्येक ठिकाणी कचरा हाताळणारा माणूस असणार, बहुतेक आमच्या मावशींसारखाच, आणि माझी कळकळीची विनंती आहे की ट्रे आणि बोर्डाच्या आधी त्या माणसाला हातमोजे, गॉगल, गमबूट मिळावेत, आणि वायू सुटला तर कुठल्या बाजूला पळायचं हे हाताला धरून, प्रत्यक्ष चालवून शिकवावं. बोर्ड कुणी वाचत नाही, आमचाही कुणी वाचला नव्हता.

आमच्याकडे रविवारी ९ ते १० घेतो. सामान मूळ बाटलीतच आणा, बिसलेरीच्या बाटलीत ओतून आणू नका, आणि झाकण मावशींनी स्वतः फिरवून बघितल्याशिवाय कुणाचीही बाटली आत जात नाही.