आमची वाटचाल: 'बलि'पासून बिलापर्यंत

एकट्यानं काम करणाऱ्यांसाठी आम्ही बिलाचं सॉफ्टवेअर बनवतो. त्याची सुरुवात म्हणजे जून २०१८ची गोष्ट. ताई चार दिवस सांगलीला राहायला आली होती. ती घरबसल्या भाषांतरं करते, मशिनांच्या माहितीपुस्तिका, औषधांच्या डब्यातले कागद, असं काहीबाही. रात्री म्हणाली, "अरे, कंपनीनं बिल परत पाठवलंय, जरा बघतोस?" वर्डमध्ये टाइप केलेला कागद होता. 'मा. महोदय, मे महिन्यात केलेल्या कामाचे रु. ४०,००० मिळावेत ही नम्र विनंती.' बिल कसलं, अर्जच तो! अकाउंट्सवाल्यांनी बिल नंबर मागितला म्हणून तिनं '१' टाकला होता. मागच्या महिन्याच्या बिलावरही '१'च. का, तर त्या महिन्याचं ते पहिलंच बिल होतं.

खरा धक्का पुढे होता. दर वेळी तिच्या खात्यात ३६,००० जमा होत होते.

"उरलेले चार हजार?"

"माझ्या चुकांचे कापत असतील."

"विचारलंस?"

"असं कसं विचारायचं?"

तो टीडीएस होता, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापून सरकारकडे भरलेला आयकर, १० टक्के. आयकराच्या साइटवर तिचा २६एएस, म्हणजे तिच्या नावावर भरलेल्या कराचा तक्ता उघडला, तर तीन वर्षं कापलेला पैसा तिच्या पॅनवर तसाच जमा दिसत होता. तिचं उत्पन्न करपात्र नव्हतंच, पण रिटर्न कधी भरला नव्हता. २०१७-१८चा भरला आणि त्या वर्षाचे परत मिळाले. आधीच्या दोन वर्षांची मुदत उलटून गेली होती.

मी तेव्हा पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. जमा-नावे, खतावणी, तेरीज अशा हिशेबाच्या वह्यांतच दिवस जायचा. त्यामुळे ताईसारख्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करायचं ठरलं आणि पहिल्या आवृत्तीत मी हे सगळं त्यात ठासून भरलं. अकरा जणांना फुकट वापरायला दिलं. महिन्याभरानं विचारलं, तर नऊ जणांनी दुसऱ्यांदा उघडलंच नव्हतं. एका फोटोग्राफरला 'लेजर' (म्हणजे खतावणी) हा प्रिंटरचा प्रकार वाटला होता. तो वेडा नव्हता. त्याचा धंदा फोटो काढायचा, वह्या लिहायचा नव्हे. मी ते सगळं काढून टाकलं आणि चार प्रश्न ठेवले: कोणाला, कशाचे, किती, कधीपर्यंत. बिल नंबर सॉफ्टवेअर स्वतःच टाकतं, क्रमानं, आणि १ एप्रिलला पुन्हा एकपासून सुरू करतं.

पाचवा प्रश्न मात्र अगदी सुरुवातीला, एकदाच विचारतो: जीएसटी नंबर आहे का? 'नाही' म्हटलं की जीएसटीची ओळ पुन्हा कधी दिसतच नाही. याला कारण घडलं. एका डिझायनर मुलीनं मित्राच्या बिलाची नक्कल केली होती, त्यात १८ टक्के जीएसटी तसाच राहिला. सेवा देणाऱ्याची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर कर घेताच येत नाही. गिऱ्हाइकानं नंबर मागितला तेव्हा ती बिचारी रडकुंडीला आली. ज्यांचा नंबर आहे त्यांच्यासाठी आम्ही गिऱ्हाइकाच्या नंबराचे पहिले दोन आकडे बघतो. २७ असेल तर महाराष्ट्र, म्हणजे केंद्राचे ९ टक्के अधिक राज्याचे ९. बेंगळुरूचा २९ किंवा गोव्याचा ३० आला की सरळ आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा एकच १८ टक्के कर. हे अक्षरांनी लिहून समजावण्यात मी दोन पानं घातली होती. ती कोणी वाचली नाहीत ते बरंच झालं.

बिल मराठीत निघालं पाहिजे हा माझा हट्ट. त्यानं मला जितकं छळलं तितकं कुठल्याच करानं नाही. पहिल्या पीडीएफवर ठळक अक्षरांत उमटलं, 'बलि'. ऱ्हस्व वेलांटी ब सोडून ल वर जाऊन बसली होती. पीडीएफ बनवणारी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, अक्षरं टाइप केलेल्या क्रमानं नुसती ओळीत मांडत होती, देवनागरीची जुळणी तिला ठाऊकच नव्हती. बायको म्हणाली, "राहू दे, गिऱ्हाइकाला अर्थ कळेल." लायब्ररी बदलण्यात तीन आठवडे गेले.

मग अक्षरी रक्कम. इंग्रजीत विसापर्यंतचे शब्द आणि दहाचे टप्पे दिले की नव्व्याण्णवपर्यंत काम भागतं. मराठीत शंभरच्या शंभर शब्द पाठ हवेत. मी शहाणपणा करून नियम लिहिला, नऊ आला की 'एकोण' अधिक पुढचा दशक. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद, सगळं झकास. आणि एका बिलावर छापून आलं, 'रुपये एकोणशंभर फक्त'. शेवटी आईसमोर बसून यादी केली. 'अडीचशे' आणि 'दीड लाख' घाल, असा तिचा आग्रह होता. चेकवर कोणी तसं लिहीत नाही म्हणून घातले नाहीत. ती अजून नाराज आहे.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात गावभागातल्या त्याच फोटोग्राफरचं दुकान पाण्याखाली गेलं. जुनी बिलबुकं म्हणजे नुसता लगदा, आणि कॉम्प्युटरही गेला. आमचं सॉफ्टवेअर त्याच कॉम्प्युटरवर होतं, बॅकअपही त्याच कॉम्प्युटरवर. हा माझा निष्काळजीपणा, दुसरा शब्द नाही. लग्नसराईची येणी बाकी होती. आम्ही दोघांनी बसून त्याचं व्हॉट्सअ‍ॅप चाळलं आणि गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलांची पीडीएफ एकेक करून उतरवून घेतली. बहुतेक सगळी सापडली. तेव्हापासून प्रत्येक बिलाची प्रत वापरणाऱ्याच्या ईमेलवर आपोआप जाते.

दुसरी मोठी चूक टीडीएसची. बिल ४०,०००चं, त्यावर जीएसटी ७,२००, एकूण ४७,२००. जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त ४०,०००वर कापायचा, म्हणजे ४,०००, आणि हातात यायचे ४३,२००. आमचं सॉफ्टवेअर एकूण रकमेवर हिशेब करून ४२,४८० येतील असं सांगत होतं. एका गिऱ्हाइकाच्या अकाउंटंटनं फोन करून विचारलं, "आम्ही ७२० रुपये जास्त पाठवलेत असं तुमचा माणूस म्हणतोय, परत घ्यायचे का?" जास्त आलेले पैसे परत करायला निघालेला हा आमचा पहिला वापरकर्ता, आणि तोही आमच्याच चुकीनं! त्या रात्री मी सगळ्यांना एकेक फोन करून माफी मागितली. आता टीडीएसच्या ओळीखाली एकच वाक्य असतं: 'हे पैसे बुडालेले नाहीत, तुमच्या पॅनवर जमा आहेत.' ते ताईचं वाक्य आहे, मी फक्त टाइप केलं.

आज आम्ही चौघं आहोत. सगळ्यांत जास्त वाद होतात ते आठवणीच्या मेसेजवरून. बिल काढणं लोकांना जमतं, पैसे मागणं जमत नाही. आम्ही मजकूर ठेवला, 'बिल क्र. अमुकची मुदत संपली आहे. पेमेंट कधीपर्यंत होईल ते कळवावे.' निम्म्यांना तो उद्धट वाटला. एकानं तर शेवटी 'गैरसमज नसावा' जोडून पाठवला, त्याला पैसे दोन महिन्यांनी मिळाले. 'उद्यम' ही सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे हा नियम २००६च्या कायद्यातला आहे, पण तो कोणी मनावर घेत नसे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येईना, तेव्हा अकाउंट्सवाल्यांचेच फोन यायला लागले, "तुमचा उद्यम नंबर आहे का हो?" आम्ही तो नंबर बिलावर पॅनच्या शेजारी छापायला लागलो. घरी बसून काम करणाऱ्या भाषांतरकारालाही ही नोंदणी करता येते, आणि ती फुकट आहे.

ताईचीही करून दिली. तिचे बिल नंबर आता क्रमानं येतात. फक्त गेल्या महिन्याचं बिल तिनं अजून काढलेलं नाही. काल फोनवर विचारलं तर म्हणाली, "अरे, त्यांचं ऑफिस शिफ्ट होतंय, आत्ता कुठे मागायचे!"