वाचनालयाचं कार्ड काढलंय, आता काय आणू?

हा प्रश्न हल्ली मला बरेच जण विचारतात. विचारणारे सगळे चाळिशीच्या आसपासचे, कॉलेजात असताना भरपूर वाचायचे, मग नोकरी, लोकल, मुलं, मोबाईल यात वाचन सुटलं ते सुटलंच, आणि आता घराजवळच्या वाचनालयात वर्गणी भरलीय, अनामत ठेवलीय, पण कपाटांसमोर उभं राहिल्यावर काही सुचत नाही. मग समोर दिसेल ती सहाशे पानांची ऐतिहासिक कादंबरी उचलतात, पन्नासाव्या पानावर अडकतात, मुदत उलटून जाते, दंड भरून परत करतात आणि पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. त्या कादंबऱ्या वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण सवय मोडलेली असताना पहिलं पुस्तक बारीकच हवं, दोन-तीन रात्रींत संपणारं, याबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे.

माझं पहिलं नाव कायम 'बनगरवाडी'. व्यंकटेश माडगूळकर, 1955. औंध संस्थानातली धनगरांची एक वाडी, तिथे शाळेवर नेमणूक झालेला कोवळा मास्तर, आणि वाडीतली माणसं, बस्स. शाळेच्या पुस्तकात आपण यातला तुकडा वाचलेला असतो किंवा नाव तरी ऐकलेलं असतं आणि त्यामुळे वाटतं की हे झालंय आपलं. नाही झालेलं! लहानपणी आपण मास्तरच्या बाजूने वाचतो, आता वाचताना म्हाताऱ्या कारभाऱ्याचं मन कळायला लागतं, आणि शेवटी दुष्काळ पडतो तेव्हाची पानं तर मला सलग वाचवत नाहीत. हे आवडलं तर त्यांचंच 'सत्तांतर' न्या, त्याहून बारीक, वानरांच्या टोळ्यांवरचं. माणूस जवळपास नाहीच त्यात, तरी सत्ता कशी हातातून जाते आणि नवा आलेला पिल्लांचं काय करतो हे वाचून अंगावर काटा येतो.

दुसरं, 'रणांगण'. विश्राम बेडेकरांची 1939 सालची कादंबरी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर फेकले गेलेले ज्यू, आणि मुंबईला परत येणारा एक मराठी तरुण. बोटीवरचे थोडेसेच दिवस आहेत पण त्यात प्रेम, देश, घर नसणं सगळं येतं. दुसरं महायुद्ध सुरू झालं त्याच वर्षी मराठीत असं काहीतरी लिहिलं गेलं याचा मला खरंच अभिमान वाटतो आणि ते बऱ्याच लोकांपर्यंत पोचलेलंच नाही याचं वाईट वाटतं. मी जिथे जिथे शोधलं तिथे ते वरच्या खणात मागे सरकलेलं असायचं, त्यामुळे न दिसलं तर काउंटरवर नाव सांगून मागाच.

ज्यांना कादंबरी नको, खरं घडलेलं हवं, त्यांना गोडसे भटजींचं 'माझा प्रवास'. विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे, घरी कर्ज, म्हणून दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले ते नेमके 1857 च्या बंडात सापडले. झाशीला इंग्रजांनी वेढा घातला तेव्हा हे आत होते. राणीला, शहराला, लुटीला पाहिलेल्या साध्या माणसाने सांगितलेली ही हकीकत 1907 ला छापली गेली. भाषा जुनी आहे, पहिली दहा पानं जड जातील, पण मोठ्याने वाचा, लगेच कानात बसते.

आता जरा सवय लागली की 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र. याचा पहिला भाग आला 1934 ला, आणि लक्ष्मीबाई टिळकांएवढं मोकळं, खळखळतं मराठी मला अजून कुठे सापडलेलं नाही. मीठसुद्धा धुवून घेणारे वडील, न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा, त्याचं ख्रिस्ती होणं, मग ताटातूट, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई हळूहळू जातपात मानणं कशी सोडून देते, हे सगळं ती इतक्या हसत सांगते की आपण हसता हसता गप्प होतो. संक्षिप्त आवृत्तीही असते, पण तुम्ही पूर्ण मागा. जाडी बघून घाबरू नका, छोटी छोटी प्रकरणं आहेत.

आणि एवढंही जमत नसेल तर दिवाळी अंक! बऱ्याच वाचनालयांत दिवाळीनंतर वेगळी योजना असते, एकदा ठरावीक रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने अंक बदलून बदलून न्यायचे. मौज, अक्षर, दीपावली, साधना, सगळे विकत घ्यायचे म्हटलं तर खिशाला परवडत नाही, इथे ते आरामात वाचून होतात. एक दीर्घ लेख किंवा एक कथा, एका बैठकीत संपते, आणि मुख्य म्हणजे नवे लेखक कळतात. 1909 ला काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही आपल्याकडची मोठी श्रीमंती आहे. सुटलेलं वाचन परत सुरू करायला यापेक्षा सोपी वाट मला तरी माहीत नाही.

तुमच्या गावातलं वाचनालय जुनं असेल तर अजून एक करा. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय म्हणजे सावाना 1840 चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चं, अशा ठिकाणी बाजारात न मिळणारी पुस्तकं असतात. त्यामुळे दुकानात मिळतं ते तिथे शोधत बसण्यापेक्षा जे कुठेच मिळत नाही ते विचारा. मुक्तद्वार असेल, म्हणजे आपल्याला आत कपाटापर्यंत जाऊ देत असतील, तर नुकतीच परत आलेली पुस्तकं ठेवतात ते टेबल आधी बघा, गावात लोक खरंच काय वाचतायत ते तिथे कळतं. आणि ग्रंथपाल बाईंना किंवा सरांना विचारायला लाजू नका, आपल्याला मागचं काय आवडलं एवढं सांगितलं की ते पुढचं काढून देतात.

नव्यातलं हवं असेल तर आसाराम लोमटेंचा कथासंग्रह 'आलोक' आणि नंदा खरेंची 'उद्या'. पहिल्यात मराठवाड्यातलं आजचं गाव आहे, दुसरीत आपल्यावर सतत नजर ठेवणारा, फार लांब नसलेला काळ. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला होता, खरेंनी तो नाकारला. छोट्या वाचनालयांत ही असतीलच असं नाही. नसली तर मागणीच्या वहीत नाव, लेखक, प्रकाशक नीट लिहा आणि शेजारच्या दोघा-तिघांनाही लिहायला सांगा, कारण खरेदीची यादी करताना ती वही बघितली जाते.