तुम्ही विचारलंत म्हणून: सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टिमवर एखाद्या प्रोजेक्टची मर्यादा ठरवायला व्हीआय या साध्या एडिटरमध्ये एक ओळ लिहून भागत नाही का?

भागतं. कुठल्या कामाला, म्हणजे 'प्रोजेक्ट'ला, मेमरी वगैरे किती मिळावी हे जिथे लिहितात ती सोलारिसची प्रोजेक्ट फाइल साध्या मजकुराची. एका ओळीत सहा रकाने, मध्ये कोलन. मग ओळ घालणारी प्रोजॅड आणि ओळ बदलणारी प्रोजमॉड, या आज्ञांचं हे सोवळं कशाला, असं प्रत्येक नवा ॲडमिन विचारतो. मीही पूर्वी हेच विचारायचो, आणि कुणाचंही उत्तर मला पटलं नव्हतं.

प्रोजॅड ९९ पर्यंतचे राखीव आयडी सोडून पुढचा क्रमांक स्वतः घेते, एकच नाव दोनदा येऊ देत नाही. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "तेवढं मलाही दिसतं." दिसतं, मान्य. पहाटे तीनला दिसतं का, ते सांगा.

पण खरी गोष्ट माझ्याच विरोधात जाते. आमच्या एका डेटाबेसच्या ओळीत शेअर्ड मेमरीची (अनेक प्रोसेस मिळून वापरतात ती) मर्यादा २४ जीबी होती. कुणीतरी सेमाफोरची (प्रोसेसना पाळीपाळीने काम करू देणारी खूण) मर्यादा वाढवायला प्रोजमॉड चालवलं, मर्यादा सांगणारा 'के' पर्याय देऊन. सोबतचा 'ए' मात्र राहिला. 'ए' नसेल तर प्रोजमॉड भर घालत नाही, जुनं सगळं पुसून नवं लिहितं. मेमरीची मर्यादा गेली. आज्ञा निमूट पार पडली, एरर नाही. डेटाबेसही चालूच राहिला, कारण फाइल बदलली म्हणून चालू प्रोसेसची मर्यादा बदलत नाही. पुढे कधीतरी मशीन रीबूट झालं आणि डेटाबेस उठेना. मेमरी अपुरी म्हणे! ६४ जीबीचं मशीन, जवळजवळ सगळी रिकामी. सोलारिस १० पासून मर्यादा दिली नसेल तर एका प्रोजेक्टला शेअर्ड मेमरी म्हणून एकूण मेमरीचा चौथा हिस्सा मिळतो, म्हणजे इथे १६ जीबी; डेटाबेसला तेवढी पुरेना. आम्ही डिस्क तपासली, पॅच तपासले, एकमेकांवर ओरडलो. शेवटी चालू मर्यादा दाखवणारी पीआरसीटीएल ही आज्ञा चालवल्यावर तो १६चा आकडा दिसला.

व्हीआयमध्ये हे झालं नसतं. जुनी मर्यादा डोळ्यांसमोर असती, पुसायची तर हाताने पुसावी लागली असती. माझा जुना अवतार इथे हसतोय, हसू दे.

तरी मी प्रोजमॉडच वापरतो. का? आज्ञा स्क्रिप्टमध्ये राहते, दहा मशीनवर तीच चालते, कुणी काय केलं ते मागे सापडतं. 'मग कायम ए लावत जा,' असंही सांगवत नाही. तीच मर्यादा २४ वरून ३२ करायला 'ए' लावलात, तर २४ तशीच राहते, शेजारी ३२ बसते, आणि अडवते ती २४च. तिथे जुन्या आकड्याच्या जागी नवा बसवणारा 'एस' लागतो.