फाउंडेशन बदलायचंय? आधी टॉर्क रॉड

हॅचबॅक ऐंशी-नव्वद हजार किलोमीटर चालली आणि सिग्नलवर स्टिअरिंग थरथरायला लागलं, की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं: फाउंडेशन गेलं, तिन्ही बदला. फाउंडेशन म्हणजे इंजिनाला गाडीच्या बॉडीशी जोडणारी रबरी माउंट. कधीकधी ते खरंही असतं. पण तिन्ही फाउंडेशनची कामं वेगळी आहेत आणि ती मरतातही वेगवेगळ्या कारणांनी. ‘अपग्रेड’ म्हणून तिन्ही जागी कडक पॉलियुरेथेन (रबरासारखंच, पण जास्त ताठ प्लास्टिक) ठोकणं तर रोजच्या गाडीसाठी चुकीचंच.

आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत उजवीकडे टायमिंगच्या बाजूला इंजिन माउंट आणि डावीकडे गिअरबॉक्स माउंट असतं. वजन उचलतात ती ही दोन. तिसरी खालची टॉर्क रॉड. ती वजन उचलत नाही, इंजिनाचा झोका अडवते. हा झोका केवढा असतो ते आकड्यांतच बघा. इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) ११० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.५, फायनल ड्राइव्ह ४.१ धरला तर चाकांकडे सुमारे १५८० न्यूटन-मीटर जातो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल इंजिनाच्याच अंगाला असल्यामुळे या सगळ्याची प्रतिक्रिया फाउंडेशनवर येते, नुसत्या ११० ची नाही. टॉर्क रॉड झोक्याच्या आसापासून पाव मीटरवर असेल, तर तिच्यावरचा ताण सहाशे किलोच्या वर जातो. पहिल्या गिअरमध्ये उड्डाणपूल चढताना प्रत्येक वेळी तो ताण रॉडच्या टोकातल्या त्या मुठीएवढ्या रबरी बुशवर येतो. म्हणून सुधारणेची सुरुवात तिथून करायची, आणि बऱ्याच गाड्यांत तिथेच थांबायचं.

त्याआधी दोष खरंच फाउंडेशनचा आहे का ते तपासा. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, थरथर असेल तर प्लग, इग्निशन कॉइल आणि थ्रॉटल बॉडीची घाण आधी बघा. मिसफायर होणाऱ्या इंजिनाखाली नवं फाउंडेशन बसवून काही हाती लागत नाही. वेग घेताना ठराविक स्पीडला गाडी थरथरते आणि ॲक्सिलरेटर सोडला की थांबते? मग ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट तपासा. क्लच सोडताना ‘ठक्’ आवाज येतो किंवा ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की गिअरचा दांडा मागेपुढे होतो, तेव्हा टॉर्क रॉडवर संशय घ्यायचा. सिमेंट रोडच्या जोडावरून गेल्यावर गाडी सावरते पण बॉनेटखाली एक धक्का उशिरा जाणवतो, तो बहुधा उजव्या माउंटचा.

खात्री करायला बॉनेट उघडा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. आत बसलेल्याने ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडायचा, मग तसंच रिव्हर्समध्ये. बघणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, गाडीच्या पुढे नाही. पहिल्या गिअरला इंजिनाचं डोकं मागे झुकतं, रिव्हर्सला पुढे. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर चालतं. दोन-अडीचच्या पुढे जाऊन आदळत असेल तर रबर फाटलंय. रबरावरच्या बारीक भेगांना घाबरू नका; टॉमी (लोखंडी पहार) घालून हलवल्यावर भेग आरपार उघडते का, ते बघा. उजवं माउंट हायड्रॉलिक असेल तर त्याच्याखाली काळसर ओला ओघळ शोधा. आतलं द्रव गेलं की ते माउंट संपलं.

नागपुरात रबर लवकर मरतं यात नवल नाही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या आसपास असतो, बॉनेटखाली तर त्याहून कितीतरी जास्त. पण उन्हापेक्षा वाईट आहे डिझेल मारून इंजिन धुण्याची सवय. माउंटचं रबर बहुतेक नैसर्गिक असतं. डिझेल, रॉकेल, ऑइल लागलं की ते फुगतं आणि पिलपिलं होतं. टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल झिरपत असेल तर ते बरेचदा उजव्या माउंटवरच उतरतं. आधी गॅस्केट बदला, मग माउंट. नवीन माउंट घेताना पाकिटावरची तारीखही बघा. टिनाच्या शेडखाली चार उन्हाळे काढलेलं रबर ‘नवीन’ म्हणून विकलं जातं.

आता कडकपणा. तो शोर ए या मापात मोजतात, आकडा जास्त म्हणजे रबर कडक. कंपनीचं रबर साधारण ४५ ते ६० शोर ए असतं, बाजारातले पॉलियुरेथेन बुश ७० ते ९५. चार सिलिंडरचं इंजिन ८०० आरपीएमला सेकंदाला २६-२७ धक्के देतं, तीन सिलिंडरचं २०. माउंटवर बसलेल्या इंजिनाची स्वतःची कंपनसंख्या या आकड्याच्या सुमारे ०.७ पटीच्या खाली असेल तरच धक्के बॉडीपर्यंत पोचताना कमी होतात. म्हणजे चार सिलिंडरला मर्यादा १८-१९ ची आणि तीनला जेमतेम १४ ची. समजा ही कंपनसंख्या सेकंदाला ११ आहे. माउंट दुप्पट कडक केलं की ती १५.५ होते. चार सिलिंडरमध्ये हे एकवेळ सहन होईल, पण टियागोसारख्या तीन सिलिंडरच्या गाडीत थरथर कमी होण्याऐवजी वाढते. एसी लावून वर्धा रोडच्या सिग्नलवर थांबलात की आरसा धूसर दिसायला लागेल. शिवाय समृद्धी महामार्गावर तासन्‌तास १२० ने जायचं असेल तर कडक साइड माउंटची गुणगुण डोकं उठवते. तेव्हा साइड माउंट कंपनीचीच नवीन, आणि सुधारणा फक्त टॉर्क रॉडमध्ये. तीन सिलिंडरला ६० शोर ए, चारला ७०, फार तर ८०. ९५ ट्रॅकवरच्या गाड्यांसाठी ठेवा.

बुशच्या पोकळीत बसणारा पॉलियुरेथेनचा तयार तुकडा (पॉली इन्सर्ट) मिळत असेल तर उत्तमच. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, नाहीतर तो कुरकुरत राहतो. मिळत नसेल तर जुन्या टॉर्क रॉडच्या मोठ्या बुशमधल्या पोकळ्या भरता येतात. त्यासाठी मधली नळी नेमकी जागेवर असलेली, न फाटलेली रॉड हवी. पोकळीत पाणी भरून ते मोजा, म्हणजे किती मिश्रण लागेल ते कळतं. मग रॉड पूर्ण वाळवा. तारेच्या ब्रशने रबर खरवडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा. एका बाजूला टेप घट्ट लावून बुश आडवा ठेवा आणि बारीक धारेने ओता.

काय ओतायचं ते मात्र ऋतूवर ठरतं. काच चिकटवायचं एक-घटकी पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट हवेतल्या ओलाव्याने सुकतं, दिवसाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर, तेही हवेत बऱ्यापैकी ओल असेल तर. मे महिन्यातल्या आपल्या कोरड्या हवेत वरून कडक आणि आत लोण्यासारखं राहतं. पोकळी दोन्हीकडून उघडी ठेवून, थराथराने भरून, थर सुकेपर्यंत दम धरायची तयारी असेल तरच ते वापरा. दोन-घटकी कास्टिंग पॉलियुरेथेनचं उलटं आहे. त्याला ओलावा लागला की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे होतात आणि बुश स्पंजासारखा निघतो, म्हणून ते जुलै-ऑगस्टमध्ये टाळा. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तसंच, डिजिटल काट्यावर तोलून घ्या. हातमोजे घाला, जागा हवेशीर ठेवा. आयसोसायनेटची वाफ छातीला वाईट. एका दिवसात टेप निघते, पण पूर्ण ताकद यायला आठवडा द्या. हायड्रॉलिक माउंटमध्ये मात्र काहीही भरू नका.

टॉर्क रॉड बदलणं सोपं आहे. इंजिन थंड असताना गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर नाही. रॉड वजन उचलत नसल्याने इंजिन खाली येत नाही, पण किंचित सरकतं. भोक जुळत नसेल तर गिअरबॉक्सला लाकडाचा ठोकळा लावून जॅकने हळूच ढकला. बोल्ट हातोडीने ठोकून घालू नका, ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असतं आणि आटे गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) बसवत फिरावं लागतं.

साइड माउंटला बॅटरीची निगेटिव्ह काढा. ऑइल चेंबरखाली रुंद फळी ठेवून जॅक लावा, इंजिनाचं वजन जेमतेम हलकं होईल इतकाच. नुसता जॅक लावला की चेंबर चेपतो. एका वेळी एकच माउंट सोडा. डावीकडे बॅटरीचा ट्रे आणि बहुधा एअर फिल्टरचा डबाही काढावा लागतो. अर्थची पट्टी काही गाड्यांत त्याच ब्रॅकेटला असते. ती परत लावायची राहिली तर सेल्फ जड फिरतो.

बहुतेक कामं बिघडतात ती बोल्ट आवळताना. सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, जॅक काढून वजन माउंटवर येऊ द्या आणि इंजिन दोन्ही हातांनी पुढे-मागे झुलवा, म्हणजे ते आपल्या जागी बसेल. मग दोन्ही साइड माउंट आवळा. टॉर्क रॉड शेवटी, गाडी चाकांवर किंवा रॅम्पवर उभी असताना. लटकत्या अवस्थेत आवळली तर बुश कायमचा पिळलेला राहतो. आयडलला थरथर येते आणि रबर वर्षभरात फाटतं. नवीन माउंट टाकूनही थरथर गेली नाही अशी तक्रार असलेल्या गाडीत आधी बोल्ट सैल करून, इंजिन झुलवून पुन्हा आवळून बघा. अनेकदा तेवढंच पुरतं.

टॉर्कचा आकडा गाडीच्या मॅन्युअलमधलाच घ्या. एम १० चा ८.८ ग्रेडचा बोल्ट साधारण ४५-५० न्यूटन-मीटर आणि एम १२ चा ८०-८५ घेतो, पण हा फक्त अंदाज. फोक्सवॅगन आणि श्कोडाच्या गाड्यांत बरेच बोल्ट टॉर्क दिल्यावर आणखी ९० अंश फिरवायचे आणि एकदाच वापरायचे असतात. ते नवेच घ्या. इम्पॅक्ट गनने शेवटचा आवळ देऊ देऊ नका, ती कितीवर थांबली ते कुणालाच कळत नाही.

प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करने रेघ मारा. पाचशे किलोमीटरनंतर रेघ सरकलेली दिसली तर तो बोल्ट पुन्हा टॉर्कवर घ्या. त्याच वेळी सायलेन्सरची जाळीदार फ्लेक्स नळीही तपासा. ढिल्या फाउंडेशनवर गाडी बरेच दिवस चाललेली असेल, तर ती बहुधा आधीच चिरलेली असते.