वचपा कशाचा, सूड कुणावर

रविवारी दहा-साडेदहापर्यंत अंथरुणात लोळणारा माणूस आठवडाभराच्या झोपेचं उट्टं काढत असतो, असं आपण अगदी सहज म्हणतो. कुणावर काढतोय, हे मात्र कुणी विचारत नाही. जूनभर दडी मारून बसलेला पाऊस जुलैत वचपा काढतो. सूड उगवत नाही. उट्टं काय, वचपा काय, कोशात दोघांचीही जागा सुडाशेजारीच. पण वापरता वापरता ते तिथून उठले आणि चारचौघांत मिसळून गेले.

मला वाटतं, खरी मेख विभक्तीत आहे. सूड कुणावर तरी उगवावा लागतो. त्याला समोर माणूस हवा. वचपा कशाचा तरी काढायचा असतो: पराभवाचा, उपासाचा, बुडालेल्या सुट्टीचा. शिवाय काढलेली गोष्ट निघून जाते, काटा काढला की संपतं. उगवलेल्याचं तसं नाही, ते पुढे बी धरतं.

क्रीडापानाला म्हणूनच वचपा फार लाडका. १९ नोव्हेंबर २०२३ ला अहमदाबादेत ऑस्ट्रेलियाने भारताविरुद्ध विश्वचषकाची अंतिम लढत सहा गडी राखून जिंकली. पुढच्या जूनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकात, सेंट लुशियाला, रोहित शर्माने त्यांच्याविरुद्ध ४१ चेंडूंत ९२ धावा कुटल्या, भारत २४ धावांनी जिंकला. निघाला वचपा! मग मार्च २०२५ मध्ये दुबईत, चॅम्पियन्स करंडकाच्या उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलिया पुन्हा हरली, तर पुन्हा वचपा. एकाच हरण्याचा दोनदा वचपा कसा निघतो, हे गणित मला सुटत नाही. आणि अहमदाबाद अजून बाकीच आहे म्हणणारेही भेटतात.

इतिहासात दोन्ही शब्द कधी कधी एकाच मोहिमेत सापडतात. पानिपत झालं १४ जानेवारी १७६१ ला. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजांनी दिल्ली घेतली आणि १७७२ च्या जानेवारीत शाह आलम बादशहा महादजी शिंद्यांच्या पाठबळावर दिल्लीच्या तख्ताकडे परतला. ज्या दिल्लीच्या राजकारणापायी पानिपत ओढवलं, त्याच राजकारणाची दोरी पुन्हा मराठ्यांच्या हाती आली. हा पानिपतचा वचपा, आणि चोख. पण त्याच साली रोहिलखंडात पत्थरगड घेतल्यावर रोहिल्यांचा सरदार नजीबखान याच्या कबरीचीही मोडतोड झाली. अब्दालीला बोलावण्यात या नजीबचा मोठा हात होता, खरं आहे. पण तो १७७० मध्येच वारला होता. कबरीवर उगवला तो सूडच. आणि ज्याच्यावर उगवला, त्याला त्याचा पत्ताही नाही.

घरगुती वचप्यात असली भानगड नाही. तिथे बहुतेक वेळा देणेकरीही आपण आणि घेणेकरीही आपणच. उपासाचा वचपा दुसऱ्या दिवशी काढावा अशी रीत. पण साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर दाण्याचा लाडू असा बेत असला की तेवढा धीर धरायची गरज पडत नाही. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' म्हणणाऱ्याने हे स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहिलं असणार.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे गटारी. श्रावण अजून लागलेला नाही, कुणी काही सोडलेलं नाही, आणि त्याच्या आधीच वचपा. आगाऊ! आषाढातली ती अवस खरी दिव्यांची. घरात समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडलेली असतात, कणकेचे गोड दिवे उकडत असतात, आणि घरातली पुरुषमंडळी पिशव्या घेऊन मटणाच्या दुकानापुढे उभी असतात. आमच्या नाक्यावर ती रांग पार रिक्षास्टँडपर्यंत जाते. त्यातले कितीतरी चेहरे मी भर श्रावणातही तिथेच पाहिले आहेत. त्यांचा वचपा नेमका कशाचा, हे दुकानदार विचारत नाही. तो वजन करतो आणि पुढच्याला हाक मारतो.