पहाटेचा भोंगा

‘दयाळ गेला. चार दिवस आवाज नाही. पावसाला कंटाळून कुठंतरी निघून गेला असणार.’

गेल्या वर्षीच्या वहीत २२ ऑगस्टच्या पानावर एवढंच आहे. ‘असणार’ काय खात्रीनं लिहिलंय! त्याच्या खालच्याच ओळीत दळणाचा आणि शेगडीच्या दुरुस्तीचा हिशेब. म्हणजे दयाळाचा, त्या काळ्या-पांढऱ्या गाणाऱ्या पाखराचा, विषय माझ्यापुरता तिथं मिटला होता. हे पान परवा पुन्हा वाचलं आणि हसू आलं. यंदाच्या वहीतली पानं इथं उतरवतेय, ती त्यासाठीच. वीज गेली, पाहुणे आले, गुडघा दुखला हे सगळं गाळलंय.

६ मार्च

पहाटे पावणेसहाला शीळ. उजाडायला अजून अवकाश होता. दोन सूर काढले, थांबला, परत तेच दोन सूर, मग मधेच तुटलं. बऱ्याच महिन्यांनी पेटी उघडल्यावर भाता आधी फुसफुसतो, तसं काहीतरी. खिडकीतून बघितलं तर शेजारच्यांच्या डिश अँटेनावर काळी आकृती, शेपूट ताठ वर. म्हणजे आला.

आई (सासूबाई) आतून म्हणाल्या, “भोंगा झाला का गं?”

आमचं घर कराडच्या बाहेर, उसाच्या पट्ट्यात. कारखान्याच्या भोंग्यावर आईंचं आयुष्य गेलं. दूध तापवायचं, डबा भरायचा, सगळं भोंग्यावर. मी म्हटलं, “झाला, पण हा दुसरा.”

१९ मार्च

कारखान्याचा हंगाम संपला, खरा भोंगा बंद. आता आई याच्यावर उठतात. गंमत म्हणजे एक बंद पडायला आणि दुसरा सुरू व्हायला यंदा गाठच पडली.

आता चांगलाच लागलाय गळा. चार-सहा सुरांची एक लकेर, ती दोन-तीनदा घोळवायची, मग दुसरी. शेवटी सूर कधी वर ओढून सोडतो, कधी खाली टाकतो. मधेच शिंप्याची ‘टुविट टुविट’ ऐकू आली म्हणून मी जास्वंदीत शिंपी शोधत बसले, तर तेही यानंच उचललेलं. दुसऱ्यांचे आवाज आपल्या गाण्यात घालायची याला खोड आहे.

नीट कान दिला तर हा एकटा नाही. एक ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर, एक फडाकडच्या बाभळीवर. हा थांबला की टाकीवरचा सुरू, तो थांबला की बाभळीवरचा. आपण म्हणतो काय गोड गातोय, आणि ही तिघांची हद्दीची भांडणं चाललेली. बांधावरून भावकीत जे चालतं तेच, फक्त सुरात.

२ एप्रिल

दयाळ हे नाव दयेवरून पडलं असेल असं शाळेत असताना वाटायचं. तसं काही दिसत नाही. हिंदीत दहियल, बंगालीत दोयेल, सगळी एकाच गोतावळ्यातली नावं. बांगलादेशाचा हा राष्ट्रीय पक्षी. तिथल्या जुन्या दोन टाक्यांच्या नोटेवर त्याचं चित्र होतं. इंग्रजांनी हे देशी नाव ऐकलं आणि ‘डायल बर्ड’ लिहून टाकलं. पुढे लवेयां नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं ते वाचलं, डायल म्हणजे सावलीचं घड्याळ असं समजला आणि त्याचं फ्रेंच नाव तसंच ठेवलं. चूक खरी, पण काय जवळून गेला! फक्त सावलीच्या घड्याळाला ऊन लागतं, आणि आमचं हे घड्याळ अंधारातच वाजतं.

११ एप्रिल

ऑफिसला निघाले तर स्कूटरच्या आरशावर हल्ला चाललेला. आरशातल्या दयाळाला हा चोची मारतोय, मग आरशाच्या मागं जाऊन बघतोय की तो पळाला का, परत पुढं येतोय तर तो तिथंच. आरसा घाण करून ठेवला. एवढ्या जवळून पहिल्यांदाच नीट बघायला मिळाला. बुलबुलाएवढा, डोकं, छाती, पाठ काळीभोर, उन्हात निळसर झाक, पोट पांढरं, पंखावर खडूनं ओढल्यासारखा पांढरा पट्टा. डाव्या पायाचं एक बोट अर्धवट आहे. हे लक्षात ठेवायचं.

आरशाला मोजा घातला आणि निघाले. गल्लीच्या टोकाला आठवण झाली म्हणून काढला.

१६ एप्रिल

मादी इतके दिवस दिसलीच नव्हती, किंवा दिसली असूनही मी बघितली नव्हती. ठेवण तीच, पण काळ्याच्या जागी राखाडी. मागच्या भिंतीत, मोरीच्या वर, परांचीचं एक भोक तसंच राहिलंय. बांधकामाच्या वेळी बुजवायचं राहिलं ते राहिलंच. त्यात ती चोचीनं वाळलं गवत, मुळ्या आणि आईंच्या पायपुसण्यातला काथ्या नेतेय. पायपुसणं का विरतंय याचा उलगडा झाला.

आणि हा? हा शेवग्यावर बसून छाती फुगवून, शेपटीचा पंखा करून गातोय. एक काडी उचलेल तर शपथ. मला त्याचा रागच आला. आमच्याकडं लग्नकार्यात असे दोघे-तिघे असतात.

२८ एप्रिल

गवंडी आला. मागच्या भिंतीचा गिलावा पावसाच्या आत उरकायचा होता. शिडी लावून वर चढला आणि तसाच उभा राहिला.

“वहिनी, ह्यात पाखराचं घर हाय की.”

“अंडी आहेत का?”

“चार हायती. निळसर हिरवी, वर तपकिरी ठिपकं. कसला वास मारतुय पर घरट्याला.”

मी म्हटलं काम थांबवा. त्यानं हिशेब केला, आकाशाकडं बघितलं, म्हणाला, “पंचवीस मेला येतो. त्येच्या पुढं गेलं तर मला सांगू नका मग.” दुसरा असता तर माल कालवलाय म्हणून भांडला असता. हा पुढच्या भिंतीला लागला.

३० एप्रिल

आज एक चूक केली, तीही मोठी.

मुलानं फोनवर दयाळाच्या गाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. अंगणात उभी राहून मोठ्यानं लावलं. पहिल्या लकेरीलाच हा शेवग्यावरून सुटला तो थेट डोक्यावरून गेला. तारेवर, पेरूवर, कठड्यावर, परत तारेवर. पिसं फुलवलेली, शेपूट आपटतोय, गाणं नाहीच, नुसतं ‘चर्र चर्र’. मला आधी मजा वाटली. मग मादी भोकातून बाहेर आली आणि तीही तारेवर बसली. अंडी मागं उघडी. अंडी उबवायचं काम तिचं एकटीचं असतं, तिच्या जागी तो बसत नाही. तेव्हा फोन बंद केला. तरी दहा-बारा मिनिटं तो त्या नसलेल्या चोराला शोधत फिरत होता.

आई ओसरीवरून बघत होत्या. म्हणाल्या, “कशाला बिचाऱ्याला खोटं सांगतीस?”

मुलाला कळवलं, पुन्हा असलं काही पाठवू नकोस. पण लावलं तर मीच होतं.

५ मे

पिल्लं निघाली असावीत. मादी चोचीत अळी घेऊन आत गेली.

१० मे, रविवार

सकाळी सात ते आठ, चहाचा कप घेऊन मोजत बसले. एकूण सतरा फेऱ्या. अकरा तिच्या, सहा त्याच्या. म्हणजे अगदीच ऐतखाऊ नाही. सुरवंट, नाकतोडे, एक झुरळ (हे कुठून मिळालं ते मला माहीत आहे), आणि एकदा पालीचं एवढंसं पिल्लू, अजून वळवळणारं. बहुतेक शिकार जमिनीवरची. शेवग्याखाली पालापाचोळा टाकायचा खड्डा आहे, तिथं उतरायचं, शेपूट वर करायची, दोन उड्या, टोच, वर. खड्डा बुजवून फरशी घालायचं आमच्या घरात तीन वर्षं चाललंय. आता माझ्याकडं मुद्दा आहे.

पावणेआठला भारद्वाज आला, भिंतीच्या कडेकडेनं, काही हरवलेलं शोधत असल्यासारखा. लाल डोळ्यांचा हा प्राणी देखणा खरा, पण दुसऱ्यांची अंडी-पिल्लं खातो. काळा पट्टेवाला शेवग्यावरून असा खाली आला की तिप्पट-चौपट मोठा भारद्वाज धडपडत कुंपणात घुसला. मादी या गडबडीत आत-बाहेर करतच होती, तिनं वळूनही बघितलं नाही. एकाचा पहारा आणि एकाचा स्वयंपाक, अशी वाटणी दिसते. १६ एप्रिलला जे लिहिलं ते थोडं मागं घेते. थोडंच.

१२ मे

वळीव. गारांसकट. भोकाचं तोंड पूर्वेला, पाऊस पश्चिमेचा. बरं झालं.

२० मे

पिल्लं बाहेर! पेरूच्या खालच्या फांदीवर तीन, शेपटी बोटभर, अंगावर तपकिरी ठिपके, आईबापांशी रंगाचं काही नातं नाही. तोंड उघडून बसलेली. एक खाली मोरीत पडलं आणि आमच्या दुधाच्या बोक्यानं मान वर केली. बोक्याला काखोटीला मारून आत कोंडला; दिवसभर दार ओरबाडत होता. चौथं कुठं दिसलं नाही.

२६ मे

गवंडी बोलला तसा आला, एक दिवस उशिरा. घरटं काढलं. आत एक अंडं तसंच होतं, न फुटलेलं. त्यानं ते तळहातावर घेऊन मला दाखवलं, मग पेरूच्या बुडाशी मातीत सरकवलं. थापी हातात घेऊन म्हणाला, “भोक ठिवू का बुजवू?”

माझ्या तोंडून ‘ठेवा’ गेलं. त्यानं भोकाला कोनाड्यासारखी गोल कड काढून दिली, पाणी आत जाऊ नये म्हणून वर सिमेंटची बारीक पापणीही. अख्ख्या गुळगुळीत भिंतीत एकच भोक. हे संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, “पैसे पूर्ण भिंतीचे दिलेस ना?”

२४ जुलै

मधले दोन महिने गाणं चालूच होतं, पावसाच्या उघडिपीत तर फारच. आज पहाटे पाच मिनिटं. ओढून-ताणून.

२२ ऑगस्ट

आवाज नाही. बारा दिवस झाले. गेल्या वर्षी याच तारखेला ‘गेला’ लिहिलं होतं. यंदा काहीच लिहीत नाही.

२५ ऑगस्ट

संध्याकाळी सात वाजून गेले होते. दिवसभराची झड थांबलेली. चिमण्या, साळुंक्या, बुलबुल सगळे जागेला गेले होते. मोरीत भांडी घासत होते, दिवा लावला नव्हता. कढीपत्त्याच्या बुडाशी ‘चर्र’. मग एक बारीक, रडवी शीळ, गाणं म्हणता येणार नाही अशी. मी हात तसेच साबणात ठेवून थांबले.

कढीपत्त्याखालून तो बाहेर आला. शेपूट नव्हती! शेपटीच्या जागी दोन खुंट. डोक्यावरची पिसं विरळ, मानेला तर नुसती लव. काळा रंग जुन्या छत्रीसारखा विटलेला. पिसं गाळत होता. पानावर साचलेल्या पाण्यात अंग घासलं, एकदा माझ्याकडं बघितलं आणि दगडाकडेला आला, उष्ट्यावर जमलेल्या किड्यांसाठी. डावा पाय पुढं टाकला. बोट अर्धवट.

म्हणजे गेल्या वर्षीही तो इथंच असणार. हे ‘असणार’ मात्र मी जपून लिहितेय. पावसाळाभर माझ्यापासून पाच हातांवर, कढीपत्त्याखाली, आणि मी डिश अँटेनाकडं बघून तो गेला असं ठरवून मोकळी.

गाणाऱ्याला सगळे बघतात, म्हणून तो उंचावर बसतो. पिसं नसलेल्यानं कुणाच्या नजरेला कशाला पडावं? उडायला धड जमत नाही, हद्द राखायला पिल्लं नाहीत, गायचं कशासाठी?

१४ सप्टेंबर

शेपूट अर्धी आली. आईंना हात धरून मोरीच्या दारात आणलं आणि दाखवला. बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, “हा तो नव्हं.” मी बोट दाखवलं, पाय दाखवला. नाहीच पटलं.

३ ऑक्टोबर

आता रोज दिसतो. रोज म्हणजे दिवेलागणीला, इतर पाखरं मिटल्यावर. हा सगळ्यांत शेवटी झोपतो आणि सगळ्यांत आधी उठतो. मादी वेगळीकडं असते, पाण्याच्या हौदाजवळ. दोघांचं फारसं येणं-जाणं दिसत नाही. पिल्लं कुठं गेली माहीत नाही. एक ठिपकेवालं काही दिवस फडाच्या कडेला दिसत होतं, बाभळीवाल्याच्या हद्दीत. तिथून हाकललेलंही बघितलं.

१७ ऑक्टोबर

कारखान्याच्या बॉयलरचं अग्निप्रदीपन झालं. गळीत सुरू व्हायला अजून दिवस आहेत, पण पहाटे भोंग्याची चाचणी घेतली. मार्चनंतर पहिल्यांदा वाजला. आई उठून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, “आज लई येळ वराडतुय गं तुझा दयाळ.”

मी मागचं दार उघडलं. अंधारच होता. कढीपत्त्याखाली ‘चर्र’ झालं.